फेब्रुवारीत ब्रॉम्प्टनच्या सिमेट्रीत स्नोड्रॉप्स बघायला जायचं असेल तर

लंडनचा फेब्रुवारी काढणं जड जातं. जानेवारीत निदान नव्या वर्षाचा उत्साह असतो, मार्चमध्ये दिवस मोठा झाल्याचं कळायला लागतं, पण फेब्रुवारीत नुसतं राखाडी आभाळ, बारीक पाऊस आणि पाच वाजता अंधार, आणि नेमकी याच दिवसांत भारतातून नवीन आलेली मंडळी विचारतात की थंडीत बाहेर बघण्यासारखं काही असतं का हो इथे. माझं उत्तर ठरलेलं आहे, ब्रॉम्प्टन सिमेट्रीत, म्हणजे इथल्या जुन्या दफनभूमीत जा आणि स्नोड्रॉप्स नावाची बारकी पांढरी फुलं बघा. सिमेट्री म्हटल्यावर समोरचा माणूस जरा थबकतो, त्यात त्याची काही चूक नाही, आपल्याकडे स्मशानात कोणी फिरायला जात नाही, गेलं तर कामासाठीच जातं आणि आल्यावर आंघोळ करून मगच घरात वावरतं.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा तीसुद्धा हेच म्हणाली, "अगं, मेलेल्या माणसांच्यात फुलं बघायला कोण जातं?" मी आग्रह केला नाही, नुसतं म्हटलं चल, गेटपर्यंत जाऊ, नाही आवडलं तर परत फिरू. आली ती. ते पुढे सांगते, आधी ही फुलं सिमेट्रीतच का एवढी असतात ते सांगते, कारण ते कळलं की तिथे कसं वागायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

स्नोड्रॉप हे कांद्यापासून येणारं फूल. कांद्यापासून म्हणजे अक्षरशः, आपला कांदा, लसूण आणि हे फूल आता एकाच कुळात धरतात. फूल गेल्यावर त्याची पानं मेपर्यंत हिरवी राहून कांद्यात पुढच्या वर्षाची शिदोरी भरत असतात, ती पानं मध्येच कापली तर कांदा उपाशी राहतो आणि दोन-तीन वर्षांत संपतो. बागेत काय होतं, कोणीतरी वाफे उकरतं, कोणी गवत लवकर कापतं, कोणी नवीन काहीतरी लावतं. जुन्या कबरींच्या मधली माती मात्र शंभर-दीडशे वर्षं कोणी हलवलेली नसते. एखाद्या घरच्यांनी कबरीवर मूठभर कांदे लावलेले असतात, ते घरचेही पुढे गेले, त्यांना आठवणारंही कोणी उरलं नाही, पण कांदे आपले दरवर्षी एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिले. शिवाय बियांना एक छोटा चरबीचा तुकडा चिकटलेला असतो, त्याच्या लोभाने मुंग्या बी ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात, म्हणून कधीकधी मूळ कबरीपासून चार हातांवर भलत्याच दगडाच्या कडेला दोन फुलं एकटी उभी दिसतात. मी ती मुद्दाम शोधते.

आणि हिवाळ्यातच का, तर वरच्या झाडांना तेव्हा पान नसतं. एकदा एप्रिल-मेमध्ये झाडं भरली की खाली ऊन पोचतच नाही, मग या बारक्या जिवाने झाडं झोपलेली आहेत तोवरच आपलं सगळं उरकून घ्यायचं असतं.

आता कधी जायचं. लंडनमध्ये जानेवारीच्या मध्यापासून तुरळक फुलं दिसायला लागतात, पण खरा बहर फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे. इंग्लंडमध्ये २ फेब्रुवारीला कँडलमास नावाचा ख्रिस्ती सण असतो, आणि जुन्या लोकांत या फुलाला कँडलमासच्या घंटा असंच म्हणायचे, त्यामुळे २ तारीख लक्षात ठेवली की पुरे. थंडी कडक असेल तर आठ-दहा दिवस पुढे जातं, हिवाळा उबदार गेला तर लवकर येतं. पहिल्या वर्षी मला यातलं काही माहीत नव्हतं, मी मार्च संपताना गेले, नुसती लोळलेली पानं बघून परत आले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर क्रोकस नावाची जांभळी फुलंही सापडतात, म्हणून मी तोच आठवडा सांगते.

दिवस निवडताना हवामानाच्या अ‍ॅपमध्ये पाऊस आहे की नाही एवढंच बघू नका, ऊन आहे का आणि तापमान दहा अंशांच्या आसपास जातंय का ते बघा. स्नोड्रॉपच्या बाहेरच्या तीन पाकळ्या थंडीत मिटलेल्या असतात, दहा अंशांच्या वर गेलं की पंखासारख्या उचलल्या जातात. क्रोकसचं तर उनावरच सगळं अवलंबून, ढगाळ दिवशी ते नुसत्या जांभळ्या काड्या दिसतात. वेळ अकरा ते दोन. पहाटे कडक दव पडून गोठलं असेल तर स्नोड्रॉप्स मान टाकून आडवे झालेले दिसतात, मेले वाटतात, घाबरू नका, ऊन लागलं की तासाभरात परत उभे राहतात. आमच्या आईला हे बघायला मिळालं, आम्ही साडेदहाला पोचलो तेव्हा सगळी आडवी होती, ती म्हणाली "गेली गं बिचारी", आणि एक फेरी मारून परत आलो तर तीच फुलं ताठ. ती तिथे उभीच राहिली बराच वेळ.

जायचं कसं ते अगदी सोपं. ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, डिस्ट्रिक्ट लाइनवर वेस्ट ब्रॉम्प्टन स्टेशन आहे, ओव्हरग्राउंड नावाची लोकलही तिथे थांबते. स्टेशनातून बाहेर पडून ओल्ड ब्रॉम्प्टन रोडवर उजवीकडे वळलात की दोन-तीन मिनिटांत नॉर्थ गेट येतं, मोठी दगडी कमान आहे, चुकणार नाही. दुसरं गेट दक्षिणेला फुलम रोडवर, त्याला फुलम ब्रॉडवे स्टेशन जवळ. मी कायम उत्तरेकडून आत जाते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते, म्हणजे तोच रस्ता परत तुडवावा लागत नाही. प्रवेशाला पैसे नाहीत. हिवाळ्यात गेट लवकर बंद होतं आणि वेळ गेटवरच लिहिलेली असते, आत शिरताना ती वाचून घ्या, दुपारी तीननंतर निघण्यात काही अर्थ नाही. एक गोष्ट मात्र आधी बघाच, सिमेट्रीला लागूनच चेल्सी फुटबॉल क्लबचं स्टॅम्फर्ड ब्रिज मैदान आहे, मॅचच्या दिवशी ट्यूब आणि रस्ते खच्चून भरतात, लहान मूल किंवा आईवडील बरोबर असतील तर तो दिवस टाळा. जमलं तर मंगळवार-बुधवार गाठा, एखाद दुसरं कुत्र्याला फिरवणारं माणूस सोडलं तर सगळी सिमेट्री तुमची.

कपड्यांचं सांगते. बूट चिखलाचे घाला, मुख्य रस्ता पक्का आहे पण फुलं पक्क्या रस्त्यावर नसतात, ती आतल्या पायवाटांवर आणि झाडांखाली, आणि तिथली माती फेब्रुवारीत पूर्ण भिजलेली असते. जाड एकच कोट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण या सहलीत चालणं कमी आणि उभं राहणं, वाकणं, बसणं जास्त, अंग लवकर गार पडतं. हातमोजे लागतातच. आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, गुडघे टेकायला. हे फूल वीतभरही उंच नसतं, उभ्याने बघितलं तर नुसता पांढरा शिडकावा दिसतो, खाली बसल्याशिवाय ते कळत नाही.

आत शिरलात की समोर सरळ लांबलचक रस्ता दिसेल, दोन्ही बाजूंना लाइमची झाडं, लिंबू नव्हे, इकडे लाइम म्हणतात ते वेगळं मोठं झाड आहे. रस्त्याच्या शेवटी गोल कमानींच्या ओऱ्या आणि घुमटाचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. ही सिमेट्री १८४० ची, बेंजामिन बॉड नावाच्या आर्किटेक्टने आखलेली, आणि कल्पना अशी की अख्खी जागा म्हणजे आभाळाचं छत असलेलं एक चर्च, मधला रस्ता म्हणजे चर्चचा मधला भाग आणि टोकाचं चॅपेल म्हणजे वेदी. घुमट रोमच्या सेंट पीटर्सवरून घेतलाय. ३९ एकर जागा, दोन लाखांवर माणसं इथे पुरलेली आहेत. त्या काळात लंडनची चर्चची आवारं प्रेतांनी इतकी भरली होती की १८३३ ते १८४१ या काळात शहराच्या तेव्हाच्या कडेकडेने अशा सात मोठ्या खाजगी सिमेट्र्या उघडल्या, ही त्यातली एक. आता ती क्राउनच्या, म्हणजे राजसत्तेच्या मालकीची आहे आणि रॉयल पार्क्सवाले तिची देखभाल करतात.

मधल्या रस्त्याने सरळ चॅपेलकडे जाऊ नका. दोन्ही बाजूंना ज्या पायवाटा फुटतात त्या घ्या, जिथे दगड जुने, कललेले, शेवाळलेले आणि आयव्हीच्या वेलाने वेढलेले दिसतील तिकडे वळा. नवी चकचकीत कबर असेल तिथे फुलं नसतात, असली तर फुलदाणीत. जुन्या झाडाच्या बुंध्याशी, दोन कबरींच्या मधल्या खोबणीत, भिंतीच्या आडोशाला बघा. पहिला पुंजका सापडेपर्यंत पाच मिनिटं जातात आणि तो एकदा दिसला की डोळा बसतो, मग जिकडे तिकडे दिसायला लागतात, पावसाळ्यात पहिली अळंबी दिसल्यावर होतं तसंच.

पुंजक्याशी बसलात की घाई करू नका. आधी पानं बघा, लसणीच्या पातीसारखी, निळसर हिरवी. पानाचं टोक जरा जाड आणि कडक असतं, गोठलेली माती फोडून वर यायला ते टोकच उपयोगी पडतं. मग देठ, वर एक बारीक हिरवं आवरण, आणि त्यातून केसासारख्या दांडीला लटकलेलं फूल, कायम खाली मान घातलेलं. बाहेरच्या तीन लांब पाकळ्या शुभ्र, आणि आत तीन छोट्या, ज्यांच्या टोकाला उलट्या व्ही सारखी हिरवी खूण असते. ती वरून दिसत नाही. बोट फुलाखाली घालून, देठाला धक्का न लावता, अलगद हनुवटी वर करावी तसं उचलायचं. आईने ते केलं तेव्हा मी बाजूला होते, तिने चष्मा वर सरकवला, आत बघितलं आणि म्हणाली "अगं, आतून कोणीतरी हिरव्या शाईने टिंब काढल्यासारखं आहे", आणि मग शेजारचं उचललं, मग त्याच्या शेजारचं, प्रत्येकात ते आहे का बघायला. ऊन असेल तर नाक जवळ न्या, मधासारखा मंद वास येतो. एवढ्या थंडीत बाहेर पडलेली एखादी मोठी केसाळ भुंगेमाशी हमखास त्याच्यावर दिसते, तिला त्या दिवसांत खायला दुसरं फारसं काही नसतं.

फूल तोडू मात्र नका, एकही. जुन्या इंग्रज घरांत हे फूल घरात आणणं अपशकुनी मानायचे, पांढऱ्या कफनातल्या प्रेतासारखं दिसतं म्हणून आणि कबरींवर उगवतं म्हणून, तो समज काहीही असो, त्याने फुलं वाचली हे नक्की. कांदा तर अजिबात उकरायचा नाही, तो विषारी असतो आणि उकरणं ही सरळ चोरी आहे. याच्या दुर्मीळ जातींच्या मागे लागलेले शौकीन इथे पुष्कळ, २०१५ मध्ये एका पिवळसर जातीचा एकच कांदा ऑनलाइन लिलावात १,३९० पौंडांना गेला होता, त्यामुळे चोऱ्याही होतात. ब्रॉम्प्टनमधले साधे आहेत, पण ते कोणाच्यातरी कबरीवरचे आहेत. आणि याच कुळातल्या झाडांत सापडलेल्या गॅलंटामिन नावाच्या द्रव्याचं औषध अल्झायमरच्या पेशंटना देतात, १९५० च्या दशकात पूर्व युरोपात आणि रशियात स्नोड्रॉपवर झालेल्या कामातून ते पुढे आलं. हे आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, माझ्या आजीला शेवटी आम्ही कोणीच ओळखू येत नव्हतो.

क्रोकस सापडायला सोपे, उघड्या गवतात असतात आणि रंग लांबून दिसतो. फिकट जांभळे, ऊन पडलं की वाटीसारखे उघडतात आणि आत केशरी काडी चमकते. आपल्या केशराचं हे चुलत भावंडं, पण केशराचा क्रोकस शरद ऋतूत फुलतो, काश्मीरला पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि या हिवाळी क्रोकसच्या काड्या काही खायच्या नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. कुठे पिवळी, खाली हिरव्या झालरीची बुटकी फुलं दिसली तर ती विंटर अ‍ॅकोनाइट, आपल्या बचनागाच्या कुळातली आणि तशीच विषारी, लांबून बघा.

पाय कुठे ठेवतोय ते सतत बघत राहा. फुलाशेजारी जी हिरवी टोकं जमिनीतून नुसती डोकावत असतात तीही फुलंच आहेत, आठ दिवसांनी येणारी, आणि ती तुडवली की त्या वर्षीचं त्यांचं संपलं. कासच्या पठारावर फुलांच्या मध्ये बसून फोटो काढणाऱ्यांनी काय केलं ते आपण बघितलंय, इथे कुंपण नाही म्हणून जास्तच जपायचं. फोटोसाठी आत शिरायची गरजही नसते. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खालच्या बाजूला येईल, आणि फोन जवळजवळ जमिनीला टेकवा. एका झटक्यात तुम्ही फुलाच्या उंचीवर येता, मागे कललेला दगड, वर आभाळ, आणि आतली हिरवी खूणही येते. सूर्य फुलाच्या मागे ठेवा, पाकळ्या दिव्यासारख्या दिसतात.

कबरींवर बसायचं नाही, पिशवी टेकवायची नाही, दगडाला टेकून फोटो काढायचा नाही. इथे आजही दफन होतं. अंत्ययात्रा येताना दिसली तर फोन खिशात घालून बाजूला उभं राहायचं, ती जाऊ द्यायची. जोरात हाका मारू नका, मुलांना पळापळी करू देऊ नका, एरवी मुलांना ही जागा फार आवडते, खारी, रॉबिन, कावळे, एखादा कोल्हाही दिवसाढवळ्या दिसतो.

येताना दोन कबरी बघाच. एक एमेलिन पँकहर्स्ट, बायकांना मत मिळावं म्हणून लढलेली, उत्तरेच्या बाजूलाच मधल्या रस्त्याजवळ आहे, लाल दगडाचा उंच क्रॉस. ती १४ जून १९२८ ला गेली आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मताचा हक्क देणारा कायदा झाला २ जुलै १९२८ ला, अठरा दिवसांनी. तिच्या संघटनेचे रंग जांभळा, पांढरा आणि हिरवा होते, आणि एका फेब्रुवारीत क्रोकस आणि स्नोड्रॉप एकत्र बघून मी तिच्या दगडाशी गेले तेव्हा मला ते तीनही रंग पायाशी घेऊन आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी आधी फुलं बघते आणि मग तिच्याकडे जाते, हा क्रम बदलत नाही.

दुसरी डॉक्टर जॉन स्नो यांची. पटकी घाण हवेने होते असं सगळे मानत असताना १८५४ मध्ये सोहोतल्या मृत्यूंची घरोघरची नोंद करून, नकाशावर मांडून, ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवणारा हा माणूस, त्या पंपाचा दांडा काढायला लावला तो यानेच. १८५८ मध्ये गेले तेव्हा फक्त पंचेचाळीस वर्षांचे. आपल्याकडे पटकीने गावंच्या गावं ओस पडलेली, माझ्या आजीच्या माहेरीही ती गोष्ट सांगायचे. आई त्यांच्या दगडासमोर चप्पल काढायला लागली होती, मी थंडीमुळे अडवलं, मग तिने उभ्यानेच हात जोडले.

गारठला असाल तर नॉर्थ गेटपाशी छोटं कॅफे आहे. घरी गेल्यावर आंघोळ करायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, आईने केली, मग देवापुढे दिवा लावला आणि मग चहा टाकला, आणि चहा पिताना म्हणाली पुढच्या आठवड्यात परत जाऊ, तोवर ती राहिलेली टोकं उघडली असतील.

फिरण्याची गोडी लागली तर पुढे केन्सल ग्रीनच्या सिमेट्रीत जा, ती १८३३ ची, तिथे रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर आहेत. ब्रिस्टलला आर्नोस व्हेलमध्ये राजा राममोहन रॉय यांची छत्री आहे. आणि मुंबईच्या माणसाने एकदा वॉटर्लूहून ट्रेन धरून ब्रुकवुडला जावंच, तिथल्या पारशी भागात जमशेटजी टाटा आहेत.

आणि घरी हवे असतील तर शरदात मिळणारे सुके कांदे शक्यतो घेऊ नका, ते बरेचदा वाळून गेलेले असतात आणि उगवतच नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चमध्ये नर्सरीत पानांसकट जुड्या मिळतात, त्याला इथले लोक हिरव्यात लावणं म्हणतात, त्या घ्या. आणल्या दिवशीच लावा, पानाचा खालचा पांढरा भाग मातीत गेला पाहिजे इतक्या खोल, दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी, आणि पानं पिवळी पडेपर्यंत कात्री लावू नका. आईच्या हाताने बाल्कनीतल्या कुंडीत दहा लावले होते. यंदा सात आलेत.